नाव कोणी सांगितलं?

गोंदियात पूर्वजांची थडगी शोधायला निघू नका. इथल्या बहुतेक घरांतली माणसं नदीकाठी नाहीतर तळ्याच्या पाळीखाली जळाली. राख वैनगंगेला गेली आणि दगड कुणी उभा केला नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांची गोष्ट वेगळी. गोंडांचीही वेगळी, तिच्याकडे शेवटी येऊ. बाकीच्यांना कागदावरूनच मागं जावं लागतं. त्यासाठी एक युक्ती आहे. नोंद नुसती वाचू नका, ती लिहिली जात असताना तिथं जाऊन उभे राहा. लिहितंय कोण आणि सांगतंय कोण, तेवढं पाहा.

निघण्याआधी पत्ता नीट लिहून घ्या. ज्याला तुम्ही गोंदिया जिल्हा म्हणता तो १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा मध्यप्रदेशात, त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाडात, १८६१ साली नुसत्या मध्यप्रांतात, आणि १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत ‘तहसील गोंदिया’ शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल, तिथं ‘तिरोडा’ लिहिलेलं असतं.

हौस म्हणून या वाटेला फार थोडे लागतात. तुम्हीही बहुधा मुलीच्या प्रवेशासाठी किंवा भावाच्या नोकरीसाठी निघाला आहात. हातात जात वैधतेचा अर्ज आणि त्याला जोडायची वंशावळ. अनुसूचित जातीचे असाल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा, जमातीचे असाल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. या चार तारखांनी विदर्भातल्या जेवढ्या घरांना आपल्या पणजोबांचं नाव पाठ करायला लावलं, तेवढं श्राद्धपक्षानंही लावलं नसेल.

तुम्ही कोणत्या घरचे ते मला ठाऊक नाही. म्हणून एक गाव धरू, तिरोड्याकडचं, धानाचं, मोठ्या बोडीचं. त्यातली दोन घरं धरू. एक पाटलाचं, एक कोतवालाचं. तुमचं घर यांपैकी एखादं असेल, किंवा मधलं कुठलं तरी.

१९७०. धान मळून झालाय, पटवाऱ्याच्या ओसरीवर तुम्ही खांबाला टेकून उभे आहात. पाटील गेल्या वर्षी वारले. मुलगा एक, मुली तीन. एक लांजीहून आली आहे, बालाघाट जिल्ह्यातून. दुसरी डोंगरगडहून रेल्वेनं. तिसरी जवळच आमगावची, ती खासरात बसून आली. हिंदू वारसा कायदा लागू होऊन चौदा वर्षं झाली आहेत, त्यामुळे वारसांच्या फेरफारात मुलींची नावं घालावी लागतात. पटवारी नाव विचारतो, वय विचारतो, नवऱ्याचं नाव, राहणार कुठली. सगळं लिहून झालं की खाली जबाब लिहितो : आम्हांस हिस्सा नको, भावाचे नावे करावे. तिघींचे अंगठे शाईत बुडतात. भावानं लुगडी आणून ठेवलेली आहेत.

काढून टाकण्यासाठी म्हणून ही तीन नावं लिहिली गेली. तरी तुमच्या खानदानाची लग्नाची नोंदवही म्हणाल तर हीच. खेड्यात लग्न सरकारदरबारी नोंदवायची रीत अगदी अलीकडची, पत्रिका दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. मुलगी कुठं दिली हे कळतं ते तिनं हक्क सोडला त्या पानावर. पान पाहा, तुमचे सोयरे कुठवर पसरलेत ते दिसेल. आज मध्ये राज्याची हद्द आहे, पण लांजी काय नि डोंगरगड काय, सोयरीक जमवताना ती कुणी विचारात घेतली नव्हती. पोवारांच्या घरात तर छत्तीस कुळांचा हिशोब आधी, जिल्ह्याचा नंतर : बिसेनाची मुलगी बिसेनाकडे जाणार नाही, मग ती कटऱ्यांकडे बालाघाटात गेली तरी चालेल. म्हणून पुढचा शोध वाघ नदीपलीकडच्या तहसिलीतही घ्या. तुमच्या आजीचं माहेर तिथल्या कागदांत बसलेलं असतं.

आणखी वीसेक वर्षं मागं. स्वतंत्र देशाची पहिली मतदारयादी होते आहे. मास्तर दारोदार फिरताहेत, तुम्ही त्यांच्या मागं. कोतवालाच्या दाराशी एक बाई सारवते आहे.

‘‘नाव काय बाई तुझं?’’

‘‘कोतवालाची सून लिवा जी.’’

‘‘तसं चालत नाही आता. तुझं सांग.’’

ती पदर ओढते आणि आत जाते. शेवटी शेजारची म्हातारी सांगते, आणि ते नाव यादीत पडतं. सगळीकडे शेजारणी अशा पुढं आल्या नाहीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं निवडणूक आयोगानं वगळली. त्यातल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्यांनी कच खाल्ली नाही. कठोर निर्णय होता, पण मला तो बरोबर वाटतो. त्या एका हट्टानं पुढच्या यादीत लाखो आज्यांना नाव मिळालं. याच भंडाऱ्यातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तुमची आजी त्या मतदानाला गेली होती का, हे घरात कुणी तिला विचारलंय?

त्याच गल्लीत जुलै १९४८. शाळेचा व्हरांडा, पोरांची रांग. गुरुजी एकाला म्हणतात, ‘‘हात डोक्यावरून घे, कान धर.’’ बोटं पलीकडच्या कानाला लागली, म्हणजे पोरगं सहाचं. दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख पडते, १ जुलै. पुढच्याचीही १ जुलै. जातीचा रकाना गुरुजी विचारून भरतात, कधी न विचारताच भरतात, आणि त्यांची लेखणी कशी वळली यावर पंचाहत्तर वर्षांनी तुमच्या मुलीचा प्रवेश लटकतो. राज्यघटनेआधीच्या कागदाला न्यायालयं जास्त वजन देतात. ते योग्यच, पण कागद लिहिणाऱ्याला त्या वजनाची कल्पना नव्हती. गोवारी समाजाचं उदाहरण विदर्भात कुणाला सांगायला नको. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या नोंदीत आपण येतो, या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी मोर्चा नागपूरच्या विधानभवनावर गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

१९४२. गोंदिया स्टेशन. बंगाल-नागपूर रेल्वेचे डबे, फलाटावर बिडी आणि धानाच्या पोत्यांचा वास. कोतवालाचा धाकटा मुलगा नागपूरकडच्या गाडीत चढतो, तुम्हीही चढा. उतरायचं कामठीला. १८२१ पासून तिथं छावणी आहे. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, दुसरी इथं, कामठीत. महारांची १११ वी पलटण १९१७ साली काढून १९२१ मध्ये मोडून टाकली होती. व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर जुलै १९४१ मध्ये गेलेल्या बाबासाहेबांनी महार पलटणीची मागणी पुन्हा लावून धरली, म्हणून हा पोरगा आज या रांगेत आहे.

त्याला उघडा करून मापतात. उंची, छाती फुगवून आणि न फुगवता, डाव्या भुवईवरचा व्रण. गाव, ठाणं, तहसील, टपालघर, जवळचं रेल्वे स्टेशन. लेखनिक विचारतो, ‘‘लगीन झालं?’’ झालंय. ‘‘बायकोचं नाव?’’

मतदारयादीवाल्या मास्तरांना पुढं आठ-नऊ वर्षांनी जे नाव शेजारणीकडून घ्यावं लागणार आहे, ते इथं नवऱ्याच्या तोंडून सरळ निघतं. हा मेला तर पैसे कुणाला पाठवायचे, हे सरकारला माहीत हवं. शाळा सोडली तर आतापर्यंतच्या तीनही ठिकाणी तुम्ही हेच पाहिलं असेल. जमीन हातची सुटताना, मत मिळताना, नाहीतर पेन्शन येणार असताना बाईचं नाव लिहिलं जातं. एरवी ती कुणाची तरी कोण तरी असते. म्हणून पणजीला शोधायचं तर वंशावळीचा नाद सोडा आणि पैशाची वाट धरा.

आणि फौजेचा कागद आणखी एक देतो, जो दुसरा कुठलाच देत नाही : शरीर. तुमच्या आजोबांच्या भावाची उंची आणि भुवईवरचा व्रण तुम्हाला ठाऊक नसतो, पलटणीच्या दप्तराला असतो. महार रेजिमेंटचं केंद्र आता मध्यप्रदेशात सागरला आहे. नंबर, पूर्ण नाव आणि गाव देऊन वारसानं तिथं अर्ज करावा, नंबर नसेल तर घरातली जुनी ट्रंक उपसावी, मेडलच्या कडेवर तो कोरलेला सापडतो. तो परत आलाच नसेल तर कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या यादीत पाहा. १९१७ साली निघालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवते. ज्यांचं दहन झालं किंवा जे सापडलेच नाहीत, त्यांची नावं स्मारकांवर कोरली : ब्रह्मदेशाकडचे रंगूनजवळ तौक्यानला. पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या साध्या हिंदी शिपायांचा मात्र बसऱ्याला नुसता आकडा कोरला. गावात ज्याच्या नावाचा दगड नाही, त्याचा परदेशात आहे, असं एखाद्या घरात निघतं.

आता १९१८, कार्तिक. इथं जरा जास्त वेळ थांबा.

कोतवाल भल्या पहाटे निघालाय. काखेत वही, खांद्यावर काठी, फेट्याच्या टोकानं तोंड झाकलेलं. तुम्ही त्याच्या मागं धुऱ्यावरून चालता. धान पिकून आडवा पडलाय आणि कापायला माणूस नाही. वाटेतल्या टोलीवर एकाच घरात दोन तिरड्या बांधताहेत. त्याला लिहिता येत नाही. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते तो डोक्यात ठेवतो आणि नेमल्या दिवशी ठाण्यात जाऊन सांगतो. मध्यप्रांताची सगळी जन्ममृत्यूची आकडेवारी अशा हजारो कोतवालांच्या स्मरणशक्तीवर उभी होती. बहुतेक ठिकाणी हा माणूस महार असे, कुठं कुठं गोंड. ज्याचा पाय पाटलाच्या ओट्याला लागत नव्हता, त्याच्या तोंडून पाटलाच्या सात पिढ्यांचे जन्म सरकारात लागले. आज त्या नोंदीची नक्कल घेऊन पाटलाचा पणतू वैधता समितीपुढं उभा राहतो.

ठाण्यात मोहरीर, म्हणजे लेखनिक, बसलेला. त्याच्या पुढं रकाने आखलेले : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात.

‘‘बोल.’’

‘‘पाटलाघरची सून मेली जी. काल.’’

‘‘नाव?’’

‘‘सुनेचं नाव मले कसं मालूम? पाटलाची सून लिवा.’’

‘‘कशानं?’’

‘‘ताप.’’

‘‘पुढं.’’

‘‘तिचीच पोट्टी. तीन दिसाची.’’

‘‘नाव?’’

‘‘ठेवलंच नव्हतं.’’

‘‘कशानं?’’

‘‘ताप.’’

असं पान भरतं. ताप, ताप, ताप. इन्फ्लुएन्झा हा शब्द मोहरिराला ठाऊक नाही आणि त्यासाठी रकानाही नाही. त्या वर्षीच्या साथीत देशात जे प्रांत सर्वांत जास्त होरपळले त्यांत मध्यप्रांत होता, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आठवडे सर्वांत वाईट. तुमच्या हाती कोतवाल पंजीचं हे पान पडेल तेव्हा रोगाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका, तारखेवर ठेवा. आणि पुढचं पान कोरं असेल तर गाव बरं झालं असं धरू नका. सांगणाराच अंथरुणाला खिळला असेल. पुढं कधीतरी वेगळ्या शाईतली, वेगळ्या तोंडची नोंद सुरू होते आणि त्या दिवसापासून गावाला नवा कोतवाल मिळालेला असतो. जुन्याच्या मरणाची नोंद कधी कधी कुणीच दिलेली नसते.

या पंज्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात असतात, भंडाऱ्यात किंवा गोंदियात. काही बाळबोध, काही मोडी, मधूनच हिंदी. घडीवर कागद तुटतो. एका गावाची पंजी सलग मिळाली तर नशीब समजा.

आणखी सहा वर्षं मागं, १९१२. पाटलाचा बाप वारलाय आणि थोरला मुलगा अस्थी घेऊन प्रयागला निघालाय. आठ-नऊ वर्षांपूर्वी असती तर ही यात्रा लांबचा वळसा घालून झाली असती. आता सातपुड्यातून छोटी लाईन झाली आहे. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर. डबा खेळण्यातल्यासारखा, चढावर गाडी इतकी हळू की उतरून चालावं वाटतं. जबलपूरला मोठी गाडी. संगमावर उतरल्यावर झेंडे शोधायचे, कारण प्रत्येक मुलखाचा पंडा वेगळा आणि त्याची खूण वेगळी. पंडा गाव विचारतो, लांबट वही उलगडतो आणि मुलाच्या आज्याचं नाव वाचून दाखवतो. मुलगा हादरतो. मग खाली नवी नोंद : मेलेल्याचं नाव, मुलांची नावं, भावांची, आणि बरोबर आलेल्या आईचं. तीसुद्धा दक्षिणा देणार आहे ना! या वह्यांची किंमत परक्यांनी आधी ओळखली. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशशास्त्र संस्थेनं हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म करून नेल्या. आपल्याकडे पंड्याशी दक्षिणेवरून भांडण्यात वेळ जातो.

१८६७ पर्यंत पटकन जाऊ. वाटेत १९०० च्या दुष्काळातून जाताना डोळे मिटू नका : १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ११ टक्क्यांनी घटून ६,६३,०६२ वर आली. तुमच्या वंशावळीतली एखादी फांदी इथं तुटली असेल तर ती का तुटली हे विचारायची गरज नाही. १८६७ मध्ये लॉरेन्स साहेबाचा बंदोबस्त, म्हणजे जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी, पुरा होतो आहे. जरीब ओढणारे चिखलात, अमीन झाडाखाली, मालगुजार खाटेवर. शेत कुणाचं, हे मालगुजार सांगतो. कुळ हात जोडून उभं आहे आणि आपलं नाव चुकीचं लिहिलं गेलं तरी दुरुस्त करत नाही. पोवार कुठून आले हेही साहेब विचारतो. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत लढलो, त्याबद्दल वैनगंगेकाठी जमीन मिळाली, असं त्याला सांगितलं जातं आणि तो ते लिहून घेतो. शेतमजुराला त्या झाडाखाली कुणी बोलावलेलं नाही. त्याच्या घराचा कागद इथंच संपतो, पाटलाचा आणखी थोडा चालतो.

त्यामागं कागद विरळ होतो. कामठ्याच्या चिमणा पटलाचं नाव इंग्रजी दप्तरात आहे, कारण १८१८ मध्ये तो त्यांच्याविरुद्ध उठला आणि कॅप्टन गॉर्डननं कामठा घेतला. नवेगावचा कोलू पटील कोहळी कागदावर नसता तरी चाललं असतं, त्याचं तळं आहे. बांध त्यानं घातला आणि लोकांनी त्याचा कोलासुर देव करून टेकडीवर बसवला.

आणि गोंड? त्यांच्या घरी चला, तिथं तुमचा अर्ज आणि तारखा कामाच्या नाहीत. त्यांचा गायक परधान किंगरी घेऊन ओसरीवर बसलाय आणि यजमानाच्या कुळीची गाथा म्हणतोय. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. समान देवांची घरं भाऊ-भाऊ, त्यांत लग्न होत नाही. कुठल्या घरी मुलगी द्यायची, कुठल्या घरी नाही, हे ठरवताना दर पिढीला वंशावळ पुन्हा तोंडपाठ म्हटली जाते. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो लोक जमतात, आपापल्या देवांच्या नावानं. वैधता समितीला हा पुरावा पुरत नाही. या मुलखातला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वेळा तपासला गेलेला पुरावा मात्र हाच आहे, असं माझं मत.

आता परत या आणि कामाला लागा. कोतवाल पंजीची प्रमाणित नक्कल काढायला अर्ज करा, गावाचं नाव जुन्या तहसिलीसकट लिहा. ज्या पानावर तुमचा पणजोबा आहे त्याच्या मागचं-पुढचं पानही मागा. आणि तहसिलीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या आईचं नाव विचारा, आईच्या आईचं विचारा, दोघींची माहेरची गावं विचारा. ती सांगेल ते आजच लिहा, खाली तारीख घाला, आणि कोणी सांगितलं म्हणून तिचं पूर्ण नाव लिहा.